वाचणाऱ्या यंत्राचे जतन

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठी मुद्रणव्यवसायाने खिळ्यांची संगत सोडून संगणकाची कास धरली, आणि पुढील दीड-दोन दशकांत निघालेले असंख्य दिवाळी अंक, कादंबऱ्या आणि संस्थांचे वार्षिक अहवाल ‘पेजमेकर’मध्ये, निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी फॉन्टांत सिद्ध झाले. त्या फायली सीडींवर, जुन्या हार्ड डिस्कवर, क्वचित फ्लॉपीवरही पुष्कळ ठिकाणी अद्याप शाबूत आहेत. परंतु पेजमेकरची अखेरची, सातवी आवृत्ती २००१ साली निघाली आणि २००४ मध्ये अडोबी कंपनीने तिचा विकास थांबवला; त्यामुळे आजच्या संगणकावर या फायली उघडू पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते, आणि मजकूर कसाबसा बाहेर काढलाच, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, युरोपीय उच्चारचिन्हे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन रांग उमटते.

पेशवे दप्तराचे रुमाल सुरक्षित होते, तरी मोडी वाचणारे जाणकार बसले तेव्हाच त्यांतील इतिहास बोलू लागला आणि १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होऊ शकले. संगणकीय दस्तऐवजाची अवस्था याहूनही बिकट आहे. कारण मोडी लिपी अभ्यासाने आत्मसात करता येते, पण फाईल वाचण्यासाठी ते विशिष्ट सॉफ्टवेअर, तो विशिष्ट फॉन्ट आणि ती दोन्ही ज्या कार्यप्रणालीवर चालत ती विंडोज ९८ किंवा एक्सपी, एवढा सारा सरंजाम एकत्र जिवंत असावा लागतो. म्हणूनच माझे असे आग्रहाचे प्रतिपादन आहे, की फाईल जपणे हे अर्धेच काम असून ती वाचणारे यंत्र जपणे हा त्याच कर्तव्याचा उत्तरार्ध होय.

हे जुने यंत्र प्रत्यक्ष लोखंडी स्वरूपात फार काळ टिकणार नाही. परंतु त्याची आभासी प्रतिकृती नव्या संगणकाच्या आत उभी करता येते. एकाच यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करण्याची विद्या आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात आपल्या मेनफ्रेम संगणकांसाठी विकसित केली आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने ग्राहकांच्या हाती दिली. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली ती साध्या टेबलावरच्या संगणकात आणली, आणि २००७ पासून ‘व्हर्च्युअलबॉक्स’मध्येही ती विनामूल्य मिळू लागली. या व्यवस्थेत मूळ संगणक आपल्या मेमरीचा काही भाग तोडून देतो, एका मोठ्या फाईलला हार्ड डिस्कचे रूप देतो, आणि आतल्या जुन्या प्रणालीने यंत्रावर थेट हुकूम चालवण्याचा यत्न केला, तर तो मध्येच अडवून आपल्या मार्फत पार पाडतो. आपण पराधीन आहोत याची त्या प्रणालीला वार्ताही नसते.

विंडोज ९८ अशा यंत्रात बसवू लागले, की एक नवल दृष्टीस पडते. आजच्या सवयीने तिला उदारपणे मेमरी बहाल केली, तर ती मेमरी अपुरी असल्याची तक्रार करून थबकते. कारण ५१२ मेगाबाइटांपलीकडचा कारभार तिच्या रचनेला झेपत नाही. तिला १२८ किंवा २५६ मेगाबाइट नेमून दिले, तर ती सुरळीत चालू होते. पडदा आरंभी ६४० गुणिले ४८० बिंदूंचा आणि अवघ्या सोळा रंगांचा असतो, आणि योग्य ड्रायव्हर मिळताच तो विस्तारतो. पुढे पेजमेकर आणि फॉन्ट यांची स्थापना झाली, की तीच अगम्य फाईल जोडाक्षरांसह, चौकटी आणि समासांसह, मूळ पान जसे लागले होते तसे उलगडून दाखवते.

यात दोन गोष्टींचा बंदोबस्त आवश्यक आहे. अनेक मराठी सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉकविना, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणाविना, चालतच नसत. यूएसबीचे लॉक आभासी यंत्राकडे सोपवता येते, मात्र जुने लॉक प्रिंटरच्या पॅरलल पोर्टात बसणारे असेल, तर तसा पोर्ट असलेला संगणक शोधावा लागतो. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. विंडोज ९८ची देखभाल जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीची एप्रिल २०१४ मध्ये संपुष्टात आली, आणि मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्यावेळी तर मायक्रोसॉफ्टला मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा अशा प्रणालीला इंटरनेटची जोडणी मुळीच देऊ नये; फायली आत न्यायच्या असल्यास त्यांची सीडीची प्रतिमा करून ती आभासी ड्राइव्हमध्ये घालावी.

पान उघडल्यावर त्याची पीडीएफ काढावी, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, आणावा. येथे मुद्रितशोधकाला पर्याय नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरे दिसतील त्या क्रमाने साठवली जात, म्हणजे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा आहे. रफाराचीही अशीच अदलाबदल करावी लागते, आणि रूपांतर करणारा प्रोग्राम चुकतो तो बहुधा याच ठिकाणी.

प्रकाशक, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था यांनी हे कार्य पुढल्या वर्षावर ढकलू नये. प्रथम साऱ्या डिस्कांच्या जशाच्या तशा प्रतिमा कराव्यात. सॉफ्टवेअरच्या मूळ सीडी, अनुक्रमांक, परवाने आणि लॉक एकत्र नोंदवून ठेवावेत. आणि त्याहूनही निकडीचे म्हणजे, ज्या डीटीपी ऑपरेटरांनी ती पाने जुळवली त्यांना सन्मानाने आणि मोबदला देऊन बोलवावे; कारण कोणत्या अंकाला कोणता फॉन्ट आणि कोणती आवृत्ती वापरली होती, याची माहिती बहुधा कोणत्याही वहीत लिहिलेली नसून त्यांच्याच स्मरणात आहे.