जुनी गाडी, परके इंजिन

सुरतेत विक्रीला येणारी प्रत्येक जुनी अॅम्बेसेडर किंवा पद्मिनी मूळ इंजिनावरच धावत असते असे नाही. पेट्रोल महागल्यावर अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून मॅटाडोरसारख्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले. तेव्हा तो व्यवहारी निर्णय होता. आज संग्राहक त्याच गाडीची किंमत पाडून मागतो.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिन बदलल्याची माहिती 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. म्हणून जीजे-05 पासिंगच्या गाडीचे आरसी बुक हातात घेऊन बॉनेट उघडावे. ब्लॉकवरचा पंच केलेला क्रमांक चिंधीने पुसून एकेक अंक जुळवावा. अंकांभोवती घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर सौदा तिथेच थांबवावा. क्रमांक न जुळल्यास नावावर करताना आणि विम्याचा दावा करताना अडचण येते. चेसिसवर वेल्ड केलेल्या नव्या पट्ट्या, कापलेला रेडिएटरचा आधार यांवरूनही अदलाबदल ओळखू येते. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या स्प्रिंगाही दबलेल्या असतात.

2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. नव्या विंटेज नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे टिकते. मूळ स्वरूप परत आणायला नेमके त्याच मॉडेलचे इंजिन मिळाले तरी त्यावर क्रमांक दुसऱ्याच गाडीचा असतो.