उभ्या उभ्या वाचणारी माणसं

कॉमिक मेळ्यात टेबल लावणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायचं ते गप्प बसायला. समोर कुणी पुस्तक उचललं की आपण तोंड आवरायचं. ‘ही गोष्ट ना, एका रिक्षावाल्याची आहे’ असं सुरू केलंत की वाचक सभ्यपणे मान डोलावतो, पुस्तक जागेवर ठेवतो आणि शेजारच्या टेबलाकडे सरकतो. गप्प राहिलात तर तो पान उलटतो. मग आणखी एक. थोड्या वेळाने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. तेव्हा समजावं, गडी रमला.

मी सांगतेय ते छोट्या मेळ्यांबद्दल. मोठ्यांची तऱ्हा वेगळी. 2011 मध्ये दिल्ली हाटच्या आवारात पहिलं कॉमिक कॉन भरलं आणि आता ते मुंबईसह बऱ्याच शहरांत भरतं. तिथे तिकीट असतं, रांगा असतात, पुठ्ठ्याची ढाल सांभाळत घामाघूम झालेले कॅप्टन अमेरिका असतात, परदेशी सिनेमांचा माल विकणारे भलेथोरले स्टॉल असतात. धमाल असते, शंकाच नाही. छोटा मेळा म्हणजे भाड्याने घेतलेला एखादा हॉल नाहीतर कलादालन, भिंतीच्या कडेने मांडलेली तीसेक टेबलं, प्रवेश फुकट. आणि टेबलामागे बसलेला माणूस कोण, तर ज्याने गोष्ट रचली, चित्रं काढली आणि पदरमोड करून छापून आणली तोच. चित्रकथाकार भरत मूर्ती आणि त्यांच्या मित्रमंडळींनी सुरू केलेला इंडी कॉमिक्स फेस्ट याच जातीचा. मी टेबल लावते ते पुण्यात.

विक्रीचं म्हणाल तर ती बेताचीच असते. स्टिकर आणि लहान प्रिंट पटापट जातात, कारण ती लॅपटॉपवर चिकटवता येतात, भिंतीवर लावता येतात. पुस्तक घेणारा विचार करतो. सोळा पानांचं, आत काळं-पांढरं आणि मुखपृष्ठ रंगीत असं पुस्तक थोड्या प्रती काढून डिजिटलवर छापलं, तर विकायची किंमत छपाईच्या खर्चाच्या फार वर नेता येत नाही. टेबलाचं भाडं, येण्याजाण्याचा खर्च आणि दिवसभराचा चहा निघाला तरी मंडळी खूश असतात. मग एवढा खटाटोप कशासाठी? मला विचाराल तर वाचक वाचताना बघायला मिळतो म्हणून. पुस्तक दुकानातून गेलं की कुणाच्या हातात पडलं, कुठल्या पानावर मिटलं, कळायला काहीच मार्ग नसतो. इथे ते सगळं हातभर अंतरावर घडतं.

त्याची तयारी छपाईपासूनच होते. सेंटर पिनचं पुस्तक म्हटलं की पानं चारच्या पटीत हवीत, कारण कागद दुमडला की त्याची चार पानं होतात. गोष्ट चौदा पानांत संपली तर उरलेल्या दोन पानांचं काय करायचं ते तुम्ही बघा. ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी वाढवलेली चित्राची कड, तीन मिलिमीटर सोडायचं, नाहीतर कटिंगमध्ये चित्राच्या कडेला पांढरी रेघ राहते. पानं एकात एक घातल्यावर आतली थोडी बाहेर डोकावतात आणि कटिंगवाला ती सरळ कापून टाकतो, म्हणून मधल्या पानांवर संवादाचे फुगे कडेपासून जरा आत घ्यायचे. हे सगळं प्रेसमधला माणूस सांगतोच. पान उलटण्याचा हिशोब मात्र चित्रकाराला स्वतःच करावा लागतो. विषम आकड्याची पानं उजवीकडे येतात. म्हणजे कुतूहल वाढवायचं ते सातव्या पानाच्या तळाशी आणि दार उघडायचं ते आठव्यावर. दारामागे कोण उभं आहे हे सातव्यावरच दाखवलं तर उलटण्यात मजा काय राहिली?

कागदावर हा हिशोब कितीही चोख केला, तरी तो जमला की नाही हे टेबलापाशीच कळतं. एकदा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आला. पाठीवर दप्तर, आई मागच्या टेबलावर कानातली बघत होती. त्याने पुस्तक उचललं आणि शेवटच्या पानापासून उघडलं. हल्ली असं बऱ्याचदा होतं. ही पोरं मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचून वाढली आहेत आणि ती पुस्तकं इंग्रजीत आली तरी बहुधा उजवीकडून डावीकडेच वाचायची असतात. शेवटचं पान बघून तो गोंधळला, स्वतःशीच हसला आणि पुस्तक फिरवून पहिल्यापासून सुरू झाला. पहिली तीन पानं भराभर गेली. चौथ्या पानावर एकही शब्द नाही, नुसता पावसातला रस्ता आहे. तिथे मोठी माणसं बहुधा थांबत नाहीत, शब्द नसला की पान वाचून झालं असं त्यांना वाटतं. हा थांबला. चौकटींवरून बोट फिरवत गेला. सहाव्या पानावर खुदकन हसला. विनोद मी तळाच्या चौकटीत पेरला होता आणि हसला तो वरच्या चौकटीतल्या कुत्र्याला, जो मी केवळ जागा भरायला काढला होता.

मग सातवं पान. अंगठा आधीच पानाच्या कडेखाली गेलेला. पान उलटलं आणि त्याची नजर आठव्यावर न जाता थेट नवव्यावरच्या मोठ्या चित्रावर गेली, मग परत आठव्यावर आली. समोरासमोरची दोन पानं डोळा एकदमच पाहतो आणि त्यातलं मोठं चित्र त्याला आधी ओढून घेतं. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीबद्दल सविस्तर लिहिलं आहे. या पट्टीला इंग्रजीत गटर म्हणतात. गोष्ट तिथे घडते आणि ती वाचक घडवतो, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुस्तक वाचून हे पटतं, पण त्या पोराच्या बुबुळांची धावपळ बघताना ते दिसतं. तेवढ्यात आईने मागून विचारलं, “घ्यायचंय, की इथेच संपवायचंय?” “संपलं,” तो म्हणाला. आई ओशाळली आणि तिने पुस्तक घेतलं. त्याने घरी जाऊन कुत्रा पुन्हा पाहिला असेल, अशी माझी समजूत आहे.

असे वाचक बघायला मिळणं ही आधीच्या पिढ्यांच्या नशिबी कमीच आलेली चैन. अमर चित्र कथेच्या ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची. टिंकलमधला सुप्पंडी चित्रात उभा केला तोही त्यांनीच. राज कॉमिक्सच्या नागराजला 1986 मध्ये पहिलं रूप दिलं ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. लाखो मुलांनी ही पानं बोटं चाटून उलटली. पत्रं येत असतील, खपाचे आकडे कळत असतील, पण कुठल्या चौकटीवर मूल रेंगाळलं हे त्यांना कोण सांगणार? मराठीत दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांची एवढी थोर परंपरा आहे, पण अंक घराघरांत पोचतो आणि चित्रकार आपल्या घरी असतो.

त्या काळचे वाचकही येतात. दर मेळ्यात एखादे तरी गृहस्थ असतातच, पन्नाशी-साठीचे, खांद्याला शबनम. टेबलावरून एक नजर फिरवतात आणि विचारतात, “वेताळ आहे का?” वेताळ नसतो. वेताळ, म्हणजे फँटम, ज्यांत यायचा ती इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली, जुन्या मराठी अंकांचा माग काढत हे लोक रद्दीची दुकानं पालथी घालतात. पण नाही म्हटल्यावर ते निघून जात नाहीत. उलट पुढचा अर्धा तास बोलतात. इंद्रजालचाच दुसरा नायक बहादूर आबिद सुरतींनी निर्माण केला आणि त्याची सुरुवातीची चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, हे मला अशाच एका काकांनी सांगितलं. दोघांपैकी कुणाचं श्रेय किती यावर त्यांचं शेजारच्या टेबलावरच्या मुलाशी चांगलंच जुंपलं. तो मुलगा विशीतला, बहादूर त्याने फोनवर, स्कॅन केलेल्या प्रतींत वाचलेला. शेवटी काकांनी त्याचं पुस्तक घेतलं. ते इंग्रजीत होतं. “मराठीत का नाही काढत रे?” असं विचारूनच त्यांनी पैसे दिले.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नुसतं ‘खप नाही’ एवढंच नाही. इंग्रजी कॉमिकमध्ये अक्षरं बहुधा सगळी मोठ्या लिपीतली, एका उंचीची. फुग्यात ती विटांसारखी बसतात. देवनागरीत वर वेलांट्या, रफार, मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते आणि तीन ओळींचा फुगा बघता बघता चौकट खाऊन टाकतो. म्हणून मराठी संवाद आधीच तोडून लिहावा लागतो. बरेच जण अक्षरं हातानेच काढतात. ती चित्राच्या रेषेशी जुळतात आणि अडचणीच्या जागी शब्द जरा दाबून बसवता येतो. आवाजांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत. भांडं पडल्याचा खण्णकन् आवाज वेगळा, काच फुटल्याचा खळ्ळकन् वेगळा, आणि त्या शिरोरेघेला वाटेल तसं वाकवता येतं.

ही चर्चा टेबलांच्या मागे चालते. सकाळी दहाला टेबल मांडताना शेजारी अनोळखी असतो, साडेदहाला तो तुमची पैशाची डबी सांभाळत असतो, कारण तुम्ही चहाला गेलेला असता. कुणाकडे सुटे नसतात, कुणाचा क्यूआर कोड चालत नाही, कुणाचा कापडी पडदा खाली पडतो आणि डबलटेप मागायला तो टेबल-टेबल फिरतो. दुपारी दोन ते चार हॉल ओस पडतो. मग एकमेकांची पुस्तकं वाचून होतात. आणि कारागीर वाचतो तेव्हा तो गोष्ट नंतर बघतो. माझ्या शेजारच्या मुलीने एका नागपूरकराच्या पुस्तकातला एक फुगा बोटाने झाकला. “आता वाच,” ती म्हणाली. त्याने वाचलं. “आता हा झाक.” त्याने दुसरा झाकला. चौकटीत दोघं बोलत होती आणि उत्तर देणाऱ्याचा फुगा प्रश्न विचारणाऱ्याच्या वर आला होता, म्हणून उत्तर आधी वाचलं जात होतं. पात्रांची जागा बदलली की काम झालं असतं. “चित्र पुन्हा काढावं लागेल,” तो म्हणाला. “काढ की,” ती म्हणाली. एवढ्यावर विषय मिटला. कुठल्याच कार्यशाळेत हे इतक्या थोडक्यात होत नाही.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली की अदलाबदल होते. उरलेली पुस्तकं परत न्यायचा कंटाळा असतो आणि पैसे कुणाकडेच नसतात, म्हणून माझं एक घे, तुझं एक दे. हिशोब किमतीचा होत नाही. पन्नास रुपयांचं आठ पानी देऊन दोनशेचं जाडजूड मिळतं आणि देणारा आनंदाने देतो. माझ्या कपाटातली चित्रकथांची सगळ्यात चांगली रांग अशीच जमली आहे.

जपानमध्ये कोमिकेट नावाचा स्वतः छापलेल्या पुस्तकांचा मेळा भरतो. 21 डिसेंबर 1975 रोजी टोकियोत तो पहिल्यांदा भरला तेव्हा 32 गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं आली होती. आज त्याला लाखांनी गर्दी होते. पण तिथल्या आयोजकांनी एक भूमिका सोडलेली नाही. इथे गिऱ्हाईक कुणी नाही, विकणारा, वाचणारा आणि खुर्च्या लावणारा स्वयंसेवक, सगळेच सहभागी. ऐकायला हे ध्येयवाक्य वाटतं. प्रत्यक्षात ते फार व्यवहारी आहे, कारण आज वाचणाऱ्यांमधूनच उद्याचे टेबलवाले यायचे असतात.

म्हणून मी टेबलावर कोऱ्या ए-फोर कागदांचा गठ्ठा ठेवते. एक कागद घ्यायचा, दुमडून आठ सारखे भाग पाडायचे. उलगडून आडवा निम्मा दुमडायचा आणि घडीच्या बाजूने मधोमध, अर्ध्यापर्यंतच कात्री चालवायची. मग उघडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. मधला काप उघडतो, अधिकचं चिन्ह होतं आणि ते गुंडाळलं की तळहाताएवढं आठ पानी पुस्तक तयार. ना पिन, ना डिंक. चित्रं काढायची ती सगळी कागदाच्या एकाच बाजूला, त्यामुळे उलगडून झेरॉक्स मारली की हव्या तेवढ्या प्रती. एका शाळकरी मुलीने दुपारच्या सामसुमीत असं एक पुस्तक पूर्ण केलं. नायक तिच्या सोसायटीचा वॉचमन, रात्री झोपतो आणि चोरच त्याला उठवतात. कोपऱ्यावर जाऊन ती दहा झेरॉक्स घेऊन आली. “ताई, किती लावू?” तिने विचारलं. “झेरॉक्सचे किती झाले?” मी म्हटलं. तिने हिशोब केला आणि पाच रुपये किंमत लावली. टेबलाच्या टोकाला मांडलेल्या त्या दहातल्या सात प्रती गेल्या, तीन तिने बदल्यात दिल्या.

मराठीत चित्रकथा वाढायची असेल तर मोठ्या प्रकाशकांची आणि मोठ्या मेळ्यांची वाट बघत बसायचं कारण नाही. शाळेचा हॉल रविवारी रिकामा असतो, वाचनालयात टेबलं असतात, कोपऱ्यावर झेरॉक्सवाला असतो. तीस माणसं जमवायची आणि दारं उघडी ठेवायची. पहिल्या वर्षी नातेवाईकच येतील. येऊ द्यात. त्यांनाही उभ्या उभ्या वाचू द्यात.