जुनी मोटारगाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यांत करावयाचीं कामें

शेतकऱ्याच्या घरीं मोटारगाडी आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. तालुक्याच्या गांवाहून बियाणें व औषधें आणण्यास, बाजारांत भाव पाहून येण्यास, अपरात्रीं आजारी माणसास इस्पितळांत पोंचविण्यास ती लागतेच. नवी गाडी सर्वांस परवडत नाहीं. म्हणून आपल्या सभासदांपैकीं पुष्कळजण दहा-बारा वर्षें वापरलेली गाडी घेतात, व त्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों. गाडी घेतांना मात्र रंग व बैठका पाहून सौदा करतों, आणि घरीं आणून नारळ फोडला कीं दुसऱ्याच दिवशीं सहकुटुंब देवदर्शनास निघतों. गाडी पसंत कशी करावी हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. ती दारांत आल्यानंतर पहिल्या महिन्यांत काय करावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशीं ठरवावी. ज्या कामाची पावती अगर नोंद नाहीं, तें काम झालेलेंच नाहीं असें धरून चालावें. विकणारा खोटें बोलतो असें आमचें म्हणणें नाहीं. ब्रेक-ऑइल शेवटीं केव्हां बदललें हें बहुधा त्यालाही ठाऊक नसतें, कारण पुष्कळदां गाडी त्याच्याकडेही दुसऱ्या हातूनच आलेली असते. मीटरवरच्या आंकड्यावरही विसंबूं नये. तो मागें फिरवितां येतो. आंकडा चाळीस हजार किलोमीटर दाखवीत असून क्लचच्या पेडलचें रबर झिजून गुळगुळीत झालें असेल, तर रबराची साक्ष खरी मानावी.

पैसे बेताचे असल्यास आधीं कोठें खर्चावे, असें आम्हांस नेहमीं विचारण्यांत येतें. आमचें उत्तर ब्रेक हें आहे. इंजिन बिघडलें तर गाडी रस्त्यांत उभी राहते. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाहीं.

ब्रेक-ऑइल हें इंजिनच्या ऑइलासारखें खनिज तेल नव्हे. तें हवेंतील ओल शोषून घेतें. झांकण घट्ट असलें तरी रबरी नळ्यांतून वर्षांमागून वर्षें थोडथोडी ओल त्यांत शिरतच असते. डॉट-४ जातीचें नवें ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये अशी अट आहे. त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट-३ जातीच्या ऑइलाचे आंकडे २०५ व १४० असे आहेत. सपाटीवर या फरकाचा कांहींच उपद्रव जाणवत नाहीं, आणि म्हणूनच तो लक्षांत येत नाहीं. परंतु कऱ्हाडकडून कुंभार्ली घाटानें चिपळुणास उतरतांना, गाडींत पांच माणसें व मागें धान्याचीं पोतीं असतां, पाय सारखा ब्रेकवर राहतो. चाकांजवळचें ऑइल तापून उकळतें व त्याची वाफ होते. ऑइल दाबानें आकसत नाहीं, म्हणून पायाचा जोर तें चाकापर्यंत पोंचवितें. वाफ मात्र आकसते, म्हणून पेडल थेट तळाला जातें आणि चाक धरत नाहीं.

याहून फसवी गोष्ट पुढेंच आहे. गाडी कशीबशी थांबवून अर्धा तास गेला कीं वाफ विरते, ब्रेक पूर्ववत लागतो, आणि मिस्त्री गाडी तपासून सांगतो कीं कांहीं दोष नाहीं. आमच्या स्वतःच्या गाडीची एकदां हीच गत झाली. वळणाच्या आधीं खालचा गिअर टाकतां आला म्हणून निभावलें. नंतर डबी उघडून पाहिली तों आंतील ऑइल काकवीसारखें काळसर झालेलें होतें.

म्हणून नुसती डबी भरून न घेतां जुनें ऑइल सर्व नळ्यांतून काढवावें, व चारही चाकांशीं नवें ऑइल येऊन हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत काम चालूं द्यावें. तें चाललें असतां डबी रिकामी होऊं देऊं नये, नाहींतर हवा पुन्हां आंत शिरते. बाटली मोहोरबंदच घ्यावी. गॅरेजच्या फळीवर सहा महिने उघडी पडलेली घेतल्यास केलेलें काम फुकट जातें. चाकें उतरविलेलींच असतात तेव्हां लायनर, पॅड व रबरी नळ्याही पाहून घ्याव्या. त्यानंतर दर दोन वर्षांनीं ऑइल बदलीत जावें, आणि ज्या गिअरमध्यें घाट चढतो त्याच गिअरमध्यें तो उतरावा.

ब्रेकखालोखाल रेडिएटर. इंजिन पूर्ण थंड असतांनाच त्याचें झांकण काढावें. गरम असतां काढल्यास उकळतें पाणी तोंडावर उडतें. जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्यें कूलंटऐवजीं विहिरीचें किंवा बोअरचें पाणी आढळणें नवलाचें नाहीं. असलें पाणी जड असेल तर पाणी तापविण्याच्या बंबांत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, शिवाय आंतून गंज चढतो तो निराळाच. उन्हाळ्यांत गाडी तापते ती पुष्कळदां यामुळें. आणि एकदां फार तापली कीं इंजिनचें हेड वाकून गॅस्केट जातें, व दुरुस्तीचा खर्च हजारांच्या घरांत जातो. पाणी नितळ येईपर्यंत रेडिएटर धुवून घ्यावा व तयार कूलंट, अथवा निम्मा कूलंट व निम्मे डिस्टिल्ड वॉटर, भरावें. आपल्याकडे पाणी गोठण्याचें भय नसल्यानें कूलंट कशाला, असें कित्येक म्हणतात. परंतु तो गंज अडवितो व उकळण्याची मर्यादाही वाढवितो. काढलेला कूलंट मात्र अंगणांत डब्यांत ठेवूं नये. तो चवीला गोडसर पण विषारी असतो. कुत्र्यानें किंवा वासरानें चाटल्यास जनावर दगावतें.

इंजिन-ऑइल व त्याचें फिल्टर पहिल्याच आठवड्यांत बदलावें. ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांस याविषयीं अधिक सांगणें नको. इतकेंच, कीं ट्रॅक्टरच्या डब्यांत उरलेलें ऑइल गाडींत ओतण्याचा मोह टाळावा, व पुस्तिकेंत लिहिलेल्या जातीचेंच घ्यावें. ऑइल भरण्याच्या झांकणाखालीं दह्यासारखा फेस आढळल्यास पाणी इंजिनांत शिरत असण्याचा संशय घेऊन मिस्त्रीस दाखवावें.

आपल्या गाडीस टायमिंगची साखळी आहे कीं रबरी पट्टा, हें मिस्त्रीस आवर्जून विचारावें. पट्टा असेल व तो बदलल्याची पावती नसेल, तर बदलून टाकावा. पट्टा तुटण्यापूर्वीं बहुधा आवाज करीत नाहीं, आणि कित्येक इंजिनांत तो तुटतांच व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. खर्च खुपतो खरा. पण इंजिन उघडण्याच्या मानानें तो थोडा असतो.

टायरवर नक्षी चांगली दिसली म्हणून तो चांगला असें समजूं नये. जी गाडी थोडी फिरली तिच्या टायरची नक्षी शाबूत राहते, पण रबर उन्हानें व वयानें कडक होतें. टायरच्या बाजूस डॉट या अक्षरांच्या ओळींत शेवटीं चार आंकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असें असल्यास तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. कडेला बारीक भेगा पडल्या असल्यास, किंवा खांचेंतील १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणेपर्यंत नक्षी झिजली असल्यास, टायर काढावा.

एअर-फिल्टरचा शहरांतील हिशेब आपणांस लागू पडत नाहीं. मळणीच्या दिवसांत व कच्च्या रस्त्यांवर तें लौकर भरतें, तेव्हां पुस्तिकेंतील मुदतीच्या निम्म्यावरच पाहावें. गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी करीत असाल तर दर आठवड्यास बॉनेट उघडावें; उंदीर आंत घर करून तारा कुरतडतात.

झालेल्या प्रत्येक कामाची तारीख, मीटरचा आंकडा व रक्कम एका वहींत मांडून पावत्या तींतच ठेवाव्या. पुढें गाडी विकतांना ही वही भाव राखते. महिना संपण्यापूर्वीं एके दिवशीं सपाट अंगणांत जॅक लावून, स्वतःच्या हातानें एक चाक काढून स्टेपनी बसवून पाहावी. जुन्या गाडीचे नट पुष्कळदां गंजून धरलेले असतात, आणि स्टेपनींत हवा असतेच असें नाहीं.