पोटऱ्या आखडतात तेव्हा

साठी ओलांडल्यावर धावावयास लागलेली माणसे आज जवळपास प्रत्येक वसाहतीत भेटतात. आपण स्वतः त्यांपैकी एक असाल, किंवा पहाटे साडेपाचला दाराशी बुटांचे बंद बांधत बसलेल्या वडिलांकडे वा सासूबाईंकडे कौतुकाने आणि थोड्या धास्तीने पाहत असाल. स्पर्धा १० किलोमीटरची असो वा २१ची, सरावाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक तक्रार बहुधा ठरलेली असते. पोटऱ्या भरून येतात, सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-बारा पावले लंगडत टाकावी लागतात, रात्री झोपेत गोळा चढतो. घरचा उपायही ठरलेला असतो : कोमट तेल आणि चोळणे. या उपायाविषयी मला थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. पण आधी एका गृहस्थांची हकीकत ऐका.

साताऱ्याचे हे गृहस्थ ६७ वर्षांचे, नोकरीतून निवृत्त झालेले. यवतेश्वरच्या घाटातून होणाऱ्या अर्धमॅरेथॉनचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्या शर्यतीत जाताना घाट चढावयाचा आणि येताना तोच उतरावयाचा असतो. उजवी पोटरी आखडते म्हणून ते माझ्याकडे व्यायामोपचारासाठी आले. तीन महिने भिंतीला हात टेकून पोटरीला ताण देण्याचा व्यायाम ते निष्ठेने करीत होते आणि पत्नी रोज रात्री तेल लावून पाय चोळीत होत्या. गुण मात्र शून्य. दुखणे नेमके केव्हा सुरू होते, असे मी विचारले. ते म्हणाले, "सपाट रस्त्यावर त्या मोठ्या चौकापाशी. घाटात मात्र पहिल्या वळणालाच." थांबल्यावर काय होते? "दोन-तीन मिनिटांत जातं. मग पुन्हा तेवढंच चालता येतं." एवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, हे रोज त्याच चौकात थांबतात. मला वाटायचं, तिथं चहाची टपरी आहे म्हणून."

त्या चौकाकडे आपण पुन्हा येऊ. प्रथम पोटरीची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून उपाय आंधळेपणाने होतात.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो. त्याच्या खाली लपलेला दुसरा स्नायू रुंद आणि चपटा असून तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो. दोघेही पुढे एकाच जाड कंडरेत विलीन होतात व ती कंडरा टाचेच्या हाडाला चिकटते. पाऊल जमिनीवरून उचलताना शरीर पुढे ढकलण्याचे काम हीच जोडी करते. धावताना या स्नायूंवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि लांब अंतराच्या धावण्यात त्यातील मोठा वाटा तो लपलेला, खालचा स्नायू उचलतो. शिवाय पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे वर ढकलण्यासही पोटरीचे आकुंचन साहाय्य करते. तिला दुसरे हृदय म्हणतात ते उगाच नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पोटरी आखडली म्हणजे स्नायू आखूड झाला, असे आपण गृहीत धरतो आणि तो ताणावयास लागतो. उतारवयात पुष्कळदा प्रकार निराळा असतो. वयाबरोबर स्नायूंचे बळ आणि आकारमान घटते, कंडरेची लवचिकता बदलते, आणि झालेली झीज भरून येण्यास अधिक दिवस लागतात. अशा दुबळ्या स्नायूवर अचानक आठवड्याला तीस किलोमीटरचा भार टाकला की तो थकतो आणि स्वतःला सावरण्यासाठी ताठर राहतो. आपल्याला जाणवते ती ही थकव्याची ताठरता. तिला नुसते ताणून भागत नाही. त्या स्नायूला बळ द्यावे लागते.

आपल्या पोटऱ्या आखूड आहेत की दुबळ्या, याचा अंदाज घरी घेता येतो. गुडघे दुखत नसतील तर ओट्याला धरून उकिडवे बसून पाहावे. टाचा जमिनीला टेकलेल्या राहिल्या तर पोटऱ्यांची लांबी बेताची आहे. टाचा उचलल्या गेल्या तर घोट्यातील वाकण कमी झाले आहे. (आपल्या आजी-आजोबांना ही चाचणी कुणी सांगावी लागली नसती. त्यांचे जेवणे, निवडणे-टिपणे, शौच सारे जमिनीलगतच होते. खुर्ची आणि कमोड यांनी आपली सोय केली, पण घोट्यांचा रोजचा व्यायाम हिरावून नेला.) नंतर ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहावे आणि टाच पूर्ण वर उचलून सावकाश खाली आणावी. किती वेळा जमते ते मोजावे आणि दुसऱ्या पायाने तेच करावे. आकड्यापेक्षा दोन्ही पायांतील फरकाकडे अधिक लक्ष द्यावे. एका पायाने पंधरा वेळा आणि दुसऱ्याने सहा वेळा जमत असेल, तर दुखणारी पोटरी कोणती हे मला विचारण्याची गरज उरत नाही.

बळ वाढविण्याचा व्यायाम हाच आहे, फक्त पद्धतशीर केलेला. प्रारंभी दोन्ही पायांवर उभे राहून, आधार धरून, तीन अंक मोजत टाचा उचलाव्यात व तीन अंक मोजतच खाली आणाव्यात. खाली येताना धपकन टेकणे हीच सर्वांची चूक असते. खरा लाभ त्या सावकाश उतरण्यातच आहे. एका वेळी दहा-बारा, मध्ये विसावा घेऊन असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. हे सहज जमू लागल्यावर एका पायावर करावे. पण हा झाला प्रामुख्याने वरच्या स्नायूचा व्यायाम. खालच्या, लांब पल्ल्याच्या स्नायूसाठी गुडघा वाकलेला हवा. त्यासाठी खुर्चीवर बसावे, मांडीवर गुडघ्यालगत पाच किलो तांदळाची पिशवी ठेवावी आणि टाचा उचलाव्यात. वर्तमानपत्र वाचतावाचता होणारा व्यायाम आहे हा. दोन ते तीन महिन्यांत फरक दिसतो. त्याआधी दिसला नाही म्हणून निराश होऊ नये, आणि पंधरा दिवसांत बरे वाटले म्हणून सोडूही नये.

ताण देण्याच्या व्यायामाला माझा विरोध नाही. त्याची वेळ मात्र चुकते. पहाटेच्या गारव्यात, अंग थंड असताना पोटरी जोराने ताणू नये. धावण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे झपझप चालावे, घोटे फिरवावेत. ताण द्यावयाचा तो परतल्यावर. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, अर्धा ते एक मिनिट, हिसके न देता. मग त्याच स्थितीत मागचा गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढाच वेळ. दुसऱ्या स्थितीत ताण अधिक खाली, टाचेच्या दिशेने जाणवेल. रात्री गोळा चढला तर गुडघा सरळ करून पायाची बोटे हाताने स्वतःकडे ओढावीत. हात पोहोचत नसेल तर घरच्यांनी चवडा वरच्या दिशेने दाबून धरावा.

अंतर, चढ आणि वेग ही तीनही एकाच आठवड्यात वाढवू नयेत. एक वाढवाल तर उरलेली दोन जागच्या जागी ठेवावीत. धावण्यामध्ये चालण्याचे टप्पे ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही. चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे या हिशेबाने पुष्कळ ज्येष्ठ धावक शर्यत पुरी करतात. बुटांबाबत एकच सूचना. आयुष्यभर टाचेला उंची असलेली पादत्राणे वापरली असतील, तर कुणाच्या सांगण्यावरून एकदम सपाट, पातळ तळव्याचे बूट घेऊ नयेत. टाच खाली गेली की पोटरी व कंडरेवरील ताण त्याच दिवशी वाढतो. गोळे येतात म्हणून क्षारांची पाकिटे पाण्यात घालून पिण्याची चाल पडली आहे. रक्तदाब, मूत्रपिंड वा हृदय यांचा विकार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. एरवीही धावताना येणारा गोळा बहुधा थकलेल्या स्नायूचा असतो.

आता तेल आणि चोळणे. व्यायामानंतर दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या असतील, सूज नसेल, तर हलक्या हाताने तेल लावण्यात सुखच आहे. पण एकच पोटरी सुजली असेल, स्पर्शाला गरम लागत असेल, तिचा रंग लालसर वा काळसर दिसत असेल, तर तिला हात लावू नका. हे मी विशेषतः घरातील सेवा करणाऱ्यांना सांगतो आहे. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्यास पोटरी अशीच आखडल्यासारखी दुखते. चोळण्याने ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग प्रसंग प्राणावर बेततो. अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, आजारपणात अंथरुणाला खिळून राहावे लागले असेल, बसगाडीचा वा विमानाचा लांब प्रवास झाला असेल किंवा कर्करोगावर उपचार सुरू असतील, तर ही शंका आधी घ्यावी. शिंप्याची टेप घेऊन, गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. ३ सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून डॉपलर सोनोग्राफीविषयी विचारावे. फरक कमी आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. अन्य लक्षणे असतील तर दाखवावेच. अचानक धाप लागली, छातीत दुखले वा खोकल्यातून रक्त पडले, तर घरी थांबूच नये.

धावताना मागून कुणी दगड मारला असे वाटून पोटरीत कळ आली, आणि नंतर त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर कंडरा वा स्नायू फाटला असण्याचा संभव आहे. येथे औषधांची आठवण ठेवावी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गटातील प्रतिजैविकांमुळे कंडरा दुखावण्याचा वा तुटण्याचा धोका साठीनंतर वाढतो, सोबत स्टेरॉइड चालू असेल तर आणखीच. अशा औषधाचा क्रम चालू असताना सराव बंद ठेवावा. कंडरा दुखू लागली तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांमुळेही काहींचे स्नायू दुखतात, बहुधा दोन्ही पायांचे. ती गोळी आपल्याच मनाने बंद करू नये. डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात.

आणि आता तो चौक. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येणे, थांबताच काही मिनिटांत ती नाहीशी होणे, पुन्हा तेवढ्याच अंतरावर येणे आणि चढावर लवकर येणे, ही आखडलेल्या स्नायूची रीत नव्हे. पायाची रोहिणी अरुंद झाली की काम करणाऱ्या स्नायूला रक्त अपुरे पडते आणि तो असा अडून बसतो. कंबरेच्या मणक्यात मज्जारज्जूंची वाट अरुंद झाल्यासही चालताना पाय भरून येतात, परंतु तेव्हा नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे वा पुढे वाकावे लागते, आणि चढापेक्षा उतार अधिक त्रास देतो. एवढा एक प्रश्न, चढावर अधिक दुखते की उतारावर, पुष्कळ काही सांगून जातो.

त्या गृहस्थांना दहा वर्षांचा मधुमेह होता आणि जुनी, सोडलेली सिगारेट होती. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठविले. तेथे दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला गेला : दंडात १४०, उजव्या घोट्याशी ९६. म्हणजे गुणोत्तर ०.६९. ते ०.९ किंवा त्याहून कमी असेल तर रोहिणी अरुंद असल्याचे मानतात. (मधुमेहींमध्ये रोहिणीच्या भिंती कडक झाल्याने हे गुणोत्तर कधी फसवे, चांगले येते, म्हणून तेवढ्यावर न थांबता पुढील तपासणी करतात.) पायाची रोहिणी अरुंद असेल तेथे हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्यांचीही शंका घ्यावी लागते. त्यांच्या हृदयाची तपासणी झाली, औषधे सुरू झाली, आणि त्या वर्षीची घाटाची शर्यत रद्द झाली. ते ऐकताना त्यांचा चेहरा पडला होता. पत्नी मात्र हळूच म्हणाल्या, "तीन महिने मी तेलच लावत बसले."

त्यांची काहीच चूक नव्हती, हे मी त्यांना सांगितले; आपल्यालाही सांगतो.

या विकारावरील मुख्य उपचारांपैकी एक म्हणजे चालणेच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कळ चांगली जाणवेपर्यंत चालावयाचे, ती पूर्ण जाईपर्यंत थांबावयाचे, आणि पुन्हा चालावयाचे; विसाव्यासह अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान तीन महिने. या क्रमाने स्नायू मिळेल त्या रक्तात काम करावयास शिकतो आणि चालण्याचे अंतर वाढते. आता पत्नीही रोज सोबत जातात. घड्याळ त्यांच्या हाती असते, थांबणे-चालणे त्याच ठरवितात. गेल्या महिन्यात दोघे भेटले तेव्हा मी अंतर विचारले. ते किलोमीटर सांगू लागले, तोच त्या म्हणाल्या, "चहाची टपरी आता परत येताना लागते."