एच.आय.व्ही.ची तपासणी आणि शाळेचे कर्तव्य

एच.आय.व्ही. या विषाणूचा भारतातील आढळ प्रथम 1986 साली मद्रास येथील रक्ततपासणीत दिसून आला. त्या वेळी या रोगावर उपाय नव्हता व त्याचे नाव निघताच लोकांच्या मनाचा थरकाप होई. 1992 साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्यानजीक भोसरी येथे या रोगाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था निघाली. 1 एप्रिल 2004 पासून निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत औषधोपचार सुरू झाला व पुढे तो सर्वत्र पसरला. रोगाचे स्वरूप अशा रीतीने पालटले. लोकांच्या मनातील भय मात्र तितकेसे ओसरले नाही. हे भय कमी करण्याच्या कामी प्राथमिक शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरते.

हा विषाणू मुख्यतः तीन मार्गांनी पसरतो : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त वा सुई आणि बाधित मातेकडून बालकास. एका बाकावर बसणे, एका माठातील पाणी पिणे, पोषण आहार एका पंक्तीत घेणे, खेळताना हात धरणे, खोकला किंवा डास यांमुळे तो पसरत नाही. निरोधाचा वापर, प्रत्येक इंजेक्शनास नवी सुई व तपासलेले रक्त हे प्रतिबंधाचे उपाय होत. गरोदरपणी तपासणी करून मातेने औषधे वेळेवर घेतल्यास बालकास लागण होण्याचा धोका शंभरात पाचांपेक्षाही खाली आणता येतो. उपचार न केल्यास तो पंधरा ते पंचेचाळीसपर्यंत असतो.

तपासणी सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत विनामूल्य होते. जुन्नर-आंबेगावच्या लोकांस नारायणगाव, मंचर, घोडेगाव ही गावे सोयीची आहेत. तपासणीपूर्वी समुपदेशक माहिती सांगतो, संमती घेतो व मगच रक्त घेतले जाते. पहिल्या चाचणीत दोष दिसल्यास निराळ्या चाचण्यांनी खात्री केल्याविना निष्कर्ष दिला जात नाही. संसर्गानंतर लगेच केलेल्या तपासणीत कधी कधी दोष दिसत नाही. अशा वेळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते. बाधा निश्चित झाल्यास औषधे ताबडतोब सुरू करण्याचे धोरण 2017 पासून आहे. ही औषधे रोज व जन्मभर घ्यावयाची असतात. ती नियमित घेतल्याने रक्तातील विषाणू इतके घटतात की रुग्ण कामधंदा करून दीर्घायुष्य जगू शकतो व लैंगिक संबंधातून त्याच्याकडून दुसऱ्यास लागण होत नाही.

इतकी सोय असूनही मनुष्य तपासणीस का जात नाही? आहुपे किंवा नाणेघाटाकडील गावांतून तालुक्यास येण्यात दिवस मोडतो, ही अडचण खरी. परंतु त्याहून मोठी अडचण ‘गावात कळेल’ ही होय. एका घराचे गुपित फुटले, की ते पाहणारी दुसरी दहा माणसे रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. गुप्तता ही केवळ सभ्यतेची बाब नसून रोग आटोक्यात ठेवण्याचे साधन आहे.

2009 साली लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एच.आय.व्ही.बाधित मुलांच्या शाळेत बसण्यास गावातील पालकांनी विरोध केला. ही मुले बाधित आहेत हे सर्वांस ठाऊक होते. सहवासाने रोग पसरत नाही हे मात्र कोणी पुरेसे समजावून दिले नव्हते, असेच या घटनेवरून म्हणावे लागते. एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला आहे. त्यानुसार बाधेच्या कारणावरून कोणाही मुलास प्रवेश नाकारता येत नाही, प्रवेशासाठी तपासणीची अट घालता येत नाही व संमतीवाचून कोणाची माहिती इतरांस सांगता येत नाही.

वस्तुतः कोणते मूल बाधित आहे हे जाणण्याची शाळेस गरजच नाही. मैदानावर मूल पडून रक्त आल्यास शिक्षकाने हातमोजे घालून, ते नसल्यास हातास स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. सांडलेल्या रक्तावर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकावे व नंतर हात धुवावेत. हा नियम प्रत्येक मुलास सारखाच लावला, तर कोणाचे नाव विचारण्याचा प्रसंगच येत नाही. काविळीच्या काही प्रकारांपासूनही यामुळे रक्षण होते.

एखाद्या पालकाने विश्वासाने काही सांगितल्यास ते शिक्षकाने हजेरीपत्रकात लिहू नये, सहकाऱ्यांत बोलू नये. औषध आणण्यासाठी मूल महिन्यातून एखादा दिवस गैरहजर राहिले तर कारण खोदून विचारू नये; बुडालेला पाठ मात्र भरून द्यावा. पालकसभेत रोगप्रसाराचे मार्ग सर्वांसमोर एकदा स्पष्ट सांगावेत. शंका असणारास केंद्राची वाट दाखवावी किंवा 1097 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक द्यावा.

शाळेत एखाद्या मुलास वेगळे बसविले, तर ते दृश्य मुलांमार्फत सायंकाळपर्यंत घरोघर पोहोचते. सर्व मुले एका रांगेत जेवताना दिसली, तर तीही गोष्ट घरोघर पोहोचते, आणि तपासणीस निघालेल्या मनुष्याचे पाऊल अडत नाही.