कृष्णधवल छायाचित्रांच्या इंकजेट मुद्रणासाठी काळ्या शाईची निवड : राळेगणसिद्धीच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले. त्यानंतर नालाबांध, पाझर तलाव, समतल चर व वृक्षलागवड यांतून गावाचा कायापालट घडून आला. अशा परिवर्तनाच्या अभ्यासात जुनी कृष्णधवल छायाचित्रे हे महत्त्वाचे साधन होय. उघडा मुरूम कोठे संपतो, गवत कोठे सुरू होते, बांधामागे ओल आहे की केवळ सावली, हे चित्रातील करड्या छटांवरूनच ओळखावे लागते. ही छायाचित्रे स्कॅन करून विभागाच्या संग्रहासाठी छापताना शाईची निवड चुकल्यास छटा नाहीशा होतात व पुरावाच दुबळा होतो. या दृष्टीने काळ्या शाईच्या निवडीचे विवेचन येथे केले आहे.

शाईचे दोन प्रकार :
डाय शाईत रंग पाण्यात पूर्णपणे विरघळलेला असतो. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म घन कण पाण्यात तरंगत असतात. विरघळलेल्या रंगाचे रेणू प्रकाश व हवेतील ओझोन यांच्यामुळे तुलनेने लवकर विघटित होतात. काळ्या पिगमेंट शाईतील मुख्य घटक मात्र कार्बन असतो. काजळ व डिंक यांपासून केलेल्या शाईने लिहिलेल्या जुन्या पोथ्या आजही वाचता येतात, त्याचे कारण कार्बनचे हेच स्थैर्य होय.

करड्या छटांची निर्मिती :
एकाच काळ्या शाईने फिकट छटा छापावयाची, तर ठिपके विरळ टाकावे लागतात व ते डोळ्यांना जाणवतात. निळसर, किरमिजी व पिवळी शाई मिसळून करडा रंग साधल्यास तो दिवसाच्या उजेडात हिरवट, तर पिवळ्या दिव्याखाली तांबूस दिसू शकतो. शिवाय तिन्ही रंग सारख्या वेगाने फिके पडत नाहीत. यावर उपाय म्हणजे काळ्या शाईच्याच सौम्य आवृत्त्या. एप्सन कंपनीने २००५ मध्ये काळी, फिकट काळी व अतिफिकट काळी अशा तीन पातळ्यांचा शाईसंच आणला. शुद्ध कार्बनची सौम्य शाई किंचित तपकिरी दिसते. ती तटस्थ करण्यासाठी थोडा निळसर रंग मिसळतात. परंतु मिसळलेला रंग कार्बनइतका टिकत नाही, हे ध्यानात ठेवावे.

कागदाशी मेळ :
मॅट काळी शाई मॅट कागदासाठी व फोटो काळी शाई चकचकीत कागदासाठी असते. मॅट काळी शाई चकचकीत कागदावर नीट धरत नाही, बोट लागताच पुसली जाते. उलट, मॅट कागदावर फोटो काळी शाई निस्तेज दिसते. योग्य जोडीत मॅट कागदावर सर्वाधिक घनता साधारण १.६ ते १.७, तर चकचकीत कागदावर २.२ च्या आसपास मिळते. घनता ०.३ ने वाढली की परावर्तित होणारा प्रकाश निम्मा होतो, यावरून हा फरक किती मोठा आहे हे लक्षात येईल.

व्यावहारिक दक्षता :
शाईच्या टाक्या असलेल्या अनेक कार्यालयीन प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट, पण रंगीत शाया डाय प्रकारच्या असतात. फोटो कागद निवडताच असा प्रिंटर बहुधा काळी शाई वगळून रंगीत शायांतूनच काळा रंग तयार करतो. त्यामुळे केवळ बाटलीवरील ‘पिगमेंट’ या शब्दावर विसंबू नये. कोरड्या उन्हाळ्यात पिगमेंट शाई छिद्रांत वाळते. म्हणून आठवड्यातून एकदा छिद्रांची तपासणी करावी. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने नव्हे, तर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे मुद्रणशीर्ष झाकले जाते. छपाई सुरू असताना वीज गेल्यास ते उघडेच राहते. अशा ठिकाणी बॅटरीची सोय असावी.

निष्कर्ष :
कायम संग्रहासाठी कार्बनयुक्त पिगमेंट शाई, तिच्या किमान दोन सौम्य पातळ्या आणि त्या शाईस अनुरूप आम्लरहित कागद ही निवड योग्य ठरते. तात्पुरत्या प्रदर्शनासाठी डाय शाई चालू शकेल. खरेदीपूर्वी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांची पट्टी छापावी, ती दिवसा व दिव्याखाली पाहावी आणि अर्धी झाकून काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवावी. दोन्ही अर्ध्या भागांतील फरकच निवडीचा निर्णय देईल. मूळ निगेटिव्ह व जुन्या प्रती मात्र जपून ठेवाव्यात, कारण कोणतीही नवी प्रत त्यांची जागा घेऊ शकत नाही.