तराजूत घातलेला इतिहास

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. मुलगा आज चित्रे काढू लागला, उद्या तबला शिकू लागला आणि परवा रसायनांच्या बाटल्या जमवू लागला, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून ती हटकून बाहेर पडते. विद्येच्या प्रांतातही हाच न्याय लावण्यात येतो. कायदा वकिलाने पाहावा, यंत्रे इंजिनियरने, पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत राहावे आणि धर्मग्रंथ शास्त्रीबुवांच्या बैठकीवर; एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकले की त्याला हौशी म्हणावयाचे. बहुतेक प्रसंगी हा निर्णय योग्यच ठरतो. पण १९४० च्या सुमारास पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे एक प्राध्यापक हाती तराजू घेऊन जुन्या चांदीच्या नाण्यांचे वजन करू लागले, तेव्हा या म्हणीची मोठी कसोटी लागली.

हे प्राध्यापक म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे नामांकित अभ्यासक. वडिलांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी बोलाविले, त्यामुळे मुलाचे शिक्षण तिकडेच झाले. १९२९ मध्ये तेथील पदवी घेऊन ते परत आले. काशी आणि अलीगढ येथे काही वर्षे शिकविले आणि १९३३ मध्ये पुण्यास येऊन राहिले. त्यांचा खरा विषय भूमिती, आणि तीही अत्यंत अमूर्त स्वरूपाची. अशा माणसाने नाण्यांकडे का वळावे?

कारण अगदी साधे होते. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून शिकण्यापेक्षा ते कोठेतरी चालवून पाहावे, असे त्यांना वाटले. त्यासाठी पुष्कळ वस्तू हव्यात, त्या मोजता याव्यात आणि त्यांच्या मोजमापावरून काही प्रश्न सुटावा. नाणी या तिन्ही अटी पुऱ्या करतात.

नाणे हातोहात फिरते तेव्हा काय घडते? प्रत्येक व्यवहारात, प्रत्येक कसेत, गल्ल्यातील प्रत्येक घासणीत त्याचा अतिसूक्ष्म अंश निघून जातो. एका दिवसाची झीज कोणत्याही तराजूत दिसावयाची नाही; वर्षांची दिसते. सरकारला ही गोष्ट ठाऊक असतेच. ब्रिटिश अमदानीतील १९०६ च्या नाणेकायद्यात रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमके एक तोळा, ठरविलेले होते. आणि ठरावीक मर्यादेपलीकडे झिजलेला रुपया कायदेशीर चलन मानला जात नसे. कायद्याला झीज ही एक अडचण होती. कोसंबी यांना तीत घड्याळ दिसले.

मात्र हे घड्याळ एकेका नाण्यापाशी विचारून चालत नाही. एखादे नाणे आजीबाईंच्या डब्यात चाळीस वर्षे पडून राहिलेले असते, तर त्याच सालचे दुसरे बाजारात रोज दहा हात बदलते. दोघांचे वय सारखे, वजन निराळे. म्हणून एका नाण्यावरून कालाचे अनुमान करणे व्यर्थ होय. पण एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेली शेकडो नाणी घेतली, तर त्यांच्या सरासरी वजनातील घट काळाच्या प्रमाणात होत जाते. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. नवी असताना ती नाणी एकमेकांशी जवळजवळ समतोल असतात. जसजशी फिरतात तसतसा त्यांच्या वजनांतील आपसांतला फरक वाढत जातो. सरासरी खाली येते आणि पसारा रुंदावतो. ज्या आधुनिक नाण्यांवर साल छापलेले असते, त्यांवर हा नियम पडताळून पाहता येतो, आणि कोसंबी यांनी चलनातील नाणी तोलून तो पडताळून पाहिला. मगच ते प्राचीन नाण्यांकडे गेले.

प्राचीन नाणी म्हणजे ज्यांना आहत नाणी म्हणतात ती. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापावयाचे, कोपरे छाटून वजन जुळवावयाचे आणि एका बाजूस निरनिराळे पाच ठसे उमटवावयाचे, अशी त्यांची घडण. बत्तीस गुंजांचा कार्षापण तो हाच. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, एक अक्षरही नाही. आहेत ती केवळ सूर्य, चक्र, टेकडी, प्राणी यांसारखी चिन्हे. मग कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवावे कसे?

तक्षशिलेच्या भीर टेकडीत १९२४ मध्ये अशा हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात अलेक्झांडरची आणि त्याच्या मागून आलेल्या फिलिप अरिडेयसची नाणीही होती, आणि ती जवळजवळ कोरी होती. हा फिलिप इसवी सनापूर्वी ३२३ ते ३१७ या काळात राज्यावर होता. अर्थात साठा पुरला गेला तो त्याच सुमारास किंवा त्यानंतर थोड्याच वर्षांत. पुरलेला साठा हा या कामी फार मोलाचा असतो. कारण त्यातील सर्व नाण्यांची झीज एकाच दिवशी थांबलेली असते. थोडे फिरलेले जड राहते, फार फिरलेले हलके होते.

या नाण्यांच्या मागील बाजूस लहान लहान खुणा आढळतात. एखाद्यावर एक, एखाद्यावर अनेक. कोसंबी यांनी मागील खुणांची संख्या आणि नाण्याचे वजन यांची सांगड घालून पाहिली. खुणा जितक्या अधिक, सरासरी वजन तितके कमी, असे दिसून आले. म्हणजे या खुणा टांकसाळीच्या नसून, नाणे चलनात असताना ते वेळोवेळी पारखून घेणाऱ्यांच्या असल्या पाहिजेत. ज्या पाच ठशांच्या गटातील नाणी अधिक झिजलेली, तो गट अधिक जुना. मुक्या नाण्यांचा क्रम अशा रीतीने लागू लागला. त्याच स्थळी १९१२ मध्ये मिळालेल्या नंतरच्या काळातील साठ्यात निराळेच दृश्य होते: चांदीत तांब्याची भेसळ पुष्कळ वाढलेली, घडण ओबडधोबड आणि वजने अगदी असमान. मौर्यांच्या विस्तीर्ण राज्याला पैशाची तातडी किती होती, हे कोणत्याही ग्रंथाने सांगितले नसते इतक्या स्पष्टपणे त्या तांब्याने सांगितले. कोणता गट कोणत्या राजाचा, या कोसंबी यांच्या निर्णयांवर नाणकशास्त्रज्ञांचे एकमत झाले नाही. परंतु वजन करण्याची रीत त्यामुळे खोटी ठरत नाही.

येथे थांबले असते तर हा एका गणितज्ञाचा छंद म्हणून सोडून देता आला असता. पण क्रम लागल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला: ही नाणी पाडली कोणी? उत्तरासाठी पुराणे उघडावीत तर बौद्ध आणि जैन ग्रंथांतील राजांची नावे त्यांशी जुळत नाहीत. ग्रंथ पारखावयाचे तर संस्कृत पक्के हवे. ते पक्के करण्यासाठी त्यांनी भर्तृहरीची शतके हाती घेतली आणि लौकरच त्यांना दिसून आले, की ज्याला आपण भर्तृहरी म्हणून पाठ करतो त्याची निश्चित संहिताच उपलब्ध नाही. प्रत्येक प्रांतातील पोथीत श्लोक वेगळे, क्रम वेगळा. शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. सर्व परंपरांना समान आणि म्हणून बऱ्याच खात्रीचे असे श्लोक त्यात सुमारे दोनशेच भरले. पोथ्यांचे हे काम वरवर पाहता तराजूच्या कामाहून अगदी भिन्न. पण एक पोथी ही एका नाण्यासारखी आहे: ती हातोहात फिरते, झिजते, कोणी तीत भर घालतो, आणि एकटीला विचारून तिचे वय कळत नाही.

याच वर्षांत त्यांनी संख्याशास्त्रात जे दोन लेख लिहिले, त्यांचे भाग्य अधिक चमत्कारिक. १९४४ चा एक चार पानी लेख आनुवंशशास्त्राचा आहे. गुणसूत्रावर गुणघटक माळेतील मण्यांसारखे ओवलेले असतात, आणि पुढील पिढीत दोन मणी किती वेळा परस्परांपासून सुटतात यावरून त्यांतील अंतर मोजतात. पण हा हिशेब सरळ बेरजेचा नाही. पहिला व दुसरा मणी शेकडा २० वेळा सुटतात, दुसरा व तिसराही शेकडा २० वेळा, म्हणून पहिला व तिसरा शेकडा ४० वेळा सुटतील असे नाही. कारण दोन्हीकडे तुटले तर टोकाचे दोघे पुन्हा एकत्रच येतात. शिवाय एका जागी झालेली तूट शेजारच्या तुटीला थोडा अटकाव करते. कोसंबी यांच्या सूत्राप्रमाणे उत्तर येते सुमारे साडेचौतीस. पिकांच्या आणि प्राण्यांच्या गुणसूत्रांचे नकाशे काढणारे संशोधक आजही हे सूत्र त्यांच्याच नावाने वापरतात.

दुसरा लेख १९४३ चा. एकेक आकडा घेण्याऐवजी संपूर्ण वक्ररेषा हेच एक निरीक्षण मानले, उदाहरणार्थ दिवसभराच्या तापमानाचा आलेख, तर अशा असंख्य वक्ररेषांतून थोडेसे मूळ आकार निवडून त्यांच्या मिश्रणाने बाकीच्या रेषा कशा मांडाव्यात, याचे त्यात विवेचन आहे. काही वर्षांनी कारुनेन आणि लोएव्ह या युरोपियन गणितज्ञांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि बराच काळ ती त्यांच्याच नावावर राहिली. पुढे वाहत्या हवेतील व पाण्यातील खळबळ तपासणाऱ्या इंजिनियरांना ती फार उपयोगी पडली. भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकातील तो लेख त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला असेल.

धर्माच्या क्षेत्रात ते शिरले तेही ग्रंथातून नव्हे, तर पायी. पुण्याभोवतीच्या टेकड्या, कार्ल्याची लेणी, आळंदीहून पंढरीला जाणारा पालखीचा मार्ग हे सारे त्यांनी पालथे घातले. खेड्याबाहेरच्या माळावर शेंदूर फासलेला देवीचा तांदळा असतो. अशा ठाण्यांच्या आसपास त्यांना गारगोटीच्या बारीक पात्या, म्हणजे आदिमानवाची हत्यारे, विपुल सापडत. नांगराची शेती येण्यापूर्वी कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे फिरणाऱ्या लोकांच्या वाटा जेथे एकत्र येत, तेथेच ही ठाणी उभी राहिली असावीत आणि पुढे यात्रेकरूंनी व व्यापाऱ्यांनी त्याच वाटा धरल्या असाव्यात, असे त्यांनी अनुमान केले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात हे लेख एकत्र आले आहेत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी भारतविद्येतील संयुक्त पद्धतींवर एक निबंध लिहून, पोथी, नाणे, हत्यार आणि जिवंत चालीरीती यांची साक्ष एकत्र घेतल्यावाचून प्राचीन इतिहास हाती लागत नाही, ही आपली भूमिका मांडली.

एवढ्यावरून त्यांना सर्वत्र यशच आले असे मात्र समजू नये. १९४५ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. बिऱ्हाड पुण्यातच राहिले. जाणेयेणे ‘डेक्कन क्वीन’ने. तेथे असताना, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी रीमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाला हात घातला. रीमान या जर्मन गणितज्ञाने १८५९ मध्ये मांडलेले हे अनुमान अविभाज्य संख्यांच्या वाटणीशी निगडित आहे. एका विशिष्ट फलाची सर्व महत्त्वाची शून्यस्थाने एकाच सरळ रेषेवर असतात, असे ते सांगते. आजही ते कोणाला सिद्ध करता आलेले नाही. कोसंबी यांनी ते संभवशास्त्राच्या मार्गाने सिद्ध केल्याचा दावा केला आणि लेख छापला तो कृषि-संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात. तज्ज्ञांना ती सिद्धता मान्य झाली नाही.

नाण्यांच्या बाबतीत जी रीत इतकी फलदायी ठरली, ती येथे का अडली, हे पाहण्यासारखे आहे. नाण्यांच्या ढिगाऱ्यात आजीबाईंच्या डब्यातील एक नाणे वेगळे निघाले तर सरासरी ढळत नाही. समुदायाच्या नियमाला अपवाद सोसतो. रीमान यांच्या अनुमानाला एकही अपवाद सोसत नाही. असंख्य शून्यस्थानांपैकी एक जरी रेषेबाहेर सापडले तरी सारे कोसळते. बहुधा असे असेल, हे म्हणणे इतिहासात पुष्कळ असते आणि तेथे काहीच नसते. ज्या माणसाने हा भेद इतरांना शिकवावा त्याच्याच तो नजरेआड व्हावा, ही गोष्ट हळहळ वाटण्याजोगी आहे.

त्याची किंमत त्यांना भारी पडली. गणितज्ञांत त्यांच्या नावाला बाध आला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. तिची कारणे अनेक सांगण्यात येतात. हा लेख त्यांपैकी एक होय. इतिहासातील त्यांच्या लिखाणाकडेही, हा मूळचा गणिताचा माणूस, अशा नजरेने पाहणारे होतेच. आणि गणितात आता, हा नाणी आणि देवळे धुंडाळणारा माणूस, असे म्हणणारे मिळाले.

पुढे १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद शास्त्रज्ञाचे पद दिले आणि पुण्यातच त्यांचे काम चालू राहिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले.